पर्किन्सचा पैसा, राज्याचा आराखडा आणि आमच्या शाळेचा लेथ

व्हर्नियर

मंडळी, जरा अडकले आहे, मदत करा.

मी मिडवेस्टात एका मशिन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. मुलगी हायस्कूलला. मागच्या आठवड्यात तिच्या शाळेच्या डिस्ट्रिक्टकडून (इथे भागातल्या शाळा चालवणारी स्थानिक संस्था) मेल आला : सीटीईच्या, म्हणजे करिअर अँड टेक्निकल एज्युकेशनच्या, 'स्थानिक गरजांच्या पाहणी'साठी मंडळ नेमतोय, उद्योगाच्या बाजूने तुम्ही याल का? मी हो म्हणून बसले. पाठोपाठ राज्याच्या आराखड्याचं बाड आलं, एक अर्जाचा नमुना आला आणि पहिल्या बैठकीची तारीख आली. बाड दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावर पहिल्यापेक्षा कमी कळलं.

ज्यांना सीटीई माहीत नाही त्यांच्यासाठी : हायस्कूलमध्ये इंग्रजी-गणिताबरोबर वेल्डिंग, मशिनिंग, नर्सिंग असिस्टंट, ऑटो, स्वयंपाक, बालसंगोपन असले विषय घेता येतात. आपल्याकडच्या टेक्निकल हायस्कूलच्या पुढचं आणि आयटीआयच्या अलीकडचं काहीतरी समजा. माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर होते, त्यामुळे शाळेतला लेथ (धातू फिरवत कापायचं यंत्र) बघायला मी पहिल्याच दिवशी गेले. लेथ चांगला आहे, पण बेड, म्हणजे खालचा पाया, इतका झिजलाय की एका टोकाला मापात आलेला जॉब दुसऱ्या टोकाला मापात राहत नाही. शिक्षक म्हणाले, "पर्किन्सचे पैसे आले की बघू."

तर प्रश्न असे. हे पर्किन्स कोण? पैसे कुठून येतात, कोण वाटतं? आणि माझ्यासारखीने त्या बैठकीत तोंड उघडून काही फरक पडतो का, की सह्या हव्यात म्हणून बोलावलंय?

---

मोरावळा

सह्या हव्यात म्हणून. डोनट मात्र चांगले असतात, ते सोडू नका.

---

खतावणी

मोरावळा, डोनट पर्किन्समधून आणले तर ऑडिटर डिस्ट्रिक्टकडून वसूल करेल, तेव्हा ते कुणीतरी पदरमोड करून आणलेले असतात. आदराने खा.

व्हर्नियर, मी दुसऱ्या एका राज्याच्या शिक्षण खात्यात अनुदानाच्या हिशेबाला आहे. रोजचं काम हेच, म्हणून जरा लांबण लागेल.

कार्ल पर्किन्स हे केंटकीचे काँग्रेसमन. १९८४ साली ते वारले आणि त्याच वर्षीच्या व्यवसाय शिक्षणाच्या कायद्याला त्यांचं नाव दिलं गेलं. पुढे १९९०, १९९८, २००६ आणि २०१८ मध्ये तो कायदा नव्याने झाला, म्हणून सध्याच्याला 'पर्किन्स फाइव्ह' म्हणतात. ३१ जुलै २०१८ ला सही झाली, १ जुलै २०१९ पासून लागू. पण केंद्राने शाळेतल्या धंदेशिक्षणाला पैसा देण्याची चाल त्याहून जुनी आहे, १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्यापासूनची.

आता पैसा. काँग्रेस, म्हणजे इथली संसद, वर्षाला साधारण १४० कोटी डॉलर मंजूर करते. राज्यांचा वाटा सूत्राने ठरतो : कोणत्या वयाचे किती लोक आणि दरडोई उत्पन्न किती. गरीब राज्याला थोडं झुकतं माप. हे पैसेही एकदम येत नाहीत, काही १ जुलैला, उरलेले १ ऑक्टोबरला. शाळा ऑगस्टात उघडते आणि मोठा हप्ता ऑक्टोबरात, यावर आमच्या ऑफिसात दरवर्षी तेच विनोद होतात.

राज्याच्या हातात शंभर डॉलर आले असं धरा. त्यातले निदान ८५ खाली शाळांना आणि कॉलेजांना गेलेच पाहिजेत. जास्तीत जास्त १० राज्यपातळीवरच्या कामाला : शिक्षकांचं प्रशिक्षण, तुरुंगातल्या लोकांसाठीचे वर्ग, मुलींनी वेल्डिंगला आणि मुलांनी नर्सिंगला यावं म्हणून प्रयत्न. आणि ५ कारभाराला, म्हणजे माझ्या पगाराला. छोट्या राज्यांचे ५ टक्के फारच कमी भरतात, म्हणून त्यांना अडीच लाख डॉलरपर्यंत मुभा आहे. पण कारभारावर केंद्राचा जितका डॉलर घ्याल तितकाच डॉलर राज्याने आपल्या खिशातून घालायचा. ही अट मला आवडते. फुकटचा कारकून कुणालाच मिळत नाही.

त्या ८५ मधले हायस्कूलला किती आणि कम्युनिटी कॉलेजला (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) किती, हे राज्य ठरवतं. आराखड्यातलं सगळ्यात तापणारं पान तेच. हायस्कूलच्या वाट्यातले ३० टक्के डिस्ट्रिक्टमध्ये ५ ते १७ वयाची मुलं किती यावर, ७० टक्के त्यातली गरीब घरातली किती यावर. कॉलेजांचा वाटा मुख्यतः पेल ग्रँट (कमी उत्पन्नाच्या घरातल्यांना कॉलेजसाठी केंद्राची मदत) घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या संख्येवर. म्हणजे तुमच्या शाळेत वेल्डिंगला किती मुलं बसतात याचा या सूत्राशी काही संबंध नाही! हे ऐकून प्रत्येक नवा प्राचार्य खुर्चीत सरळ बसतो.

आणखी एक पळवाट म्हणा, सोय म्हणा. त्या ८५ मधला १५ टक्क्यांपर्यंतचा भाग राज्य सूत्राबाहेर 'राखीव' ठेवू शकतं. २००६ च्या कायद्यात तो १० टक्के होता. ग्रामीण भाग, सीटीईची मुलं जास्त असलेले भाग, किंवा जिथे काही गटांची मुलं मागे पडतायत अशा ठिकाणी, नवीन काही करायला. लेथसाठी सूत्राचे पैसे पुरले नाहीत तर तुमच्या राज्याने हा राखीव पैसा कसा वाटायचं ठरवलंय ते आराखड्यात शोधा.

---

खटपट्या

खतावणी, झकास. पण एक सांगा, १४० कोटी डॉलर म्हणजे अमेरिकेच्या शाळांच्या एकूण खर्चात चिमूटभर मीठ. डिस्ट्रिक्टचा पैसा मालमत्ता करातून आणि राज्याकडून येतो. या चिमटीसाठी चार वर्षांचा आराखडा, जनसुनावणी, पाहणी, अर्ज, निर्देशांक? आम्ही आमच्या कंपनीत एवढ्या पैशासाठी एवढी फाइल केली असती तर फायनान्सवाल्याने हाकलून दिलं असतं.

---

खतावणी

खटपट्या, उसाची मोळी बघितली आहे ना? मोळीतला ऊस राज्याचा, दोरी वॉशिंग्टनची. दोरीचं वजन कुणी करत नाही.

दोरीचे पेड तीन. एक, राज्याने सीटीईवर मागच्या वर्षी जितका खर्च केला त्याच्या खाली यायचं नाही. २०१८ च्या कायद्याने एकदाच ९५ टक्क्यांपर्यंत उतरायची सवलत दिली, बस्स. दोन, पर्किन्सचा पैसा भर म्हणून वापरायचा, बदली म्हणून नाही. मागच्या वर्षी वेल्डिंगच्या शिक्षकाचा पगार डिस्ट्रिक्टने दिला आणि यंदा पर्किन्सला चिकटवला, की ऑडिटर लाल पेन काढतो. तीन, हा पैसा हवा तर राज्याचा अख्खा सीटीईचा विचार कागदावर मांडावा लागतो. मग जो अभ्यासक्रम पूर्णपणे राज्याच्या पैशावर चालतो त्यालाही बहुतेक ठिकाणी त्याच व्याख्या आणि त्याच मोजपट्ट्या लागतात. चिमूटभर मीठ, पण सगळ्या भाजीला लागतं.

आराखडा चार वर्षांचा. २०२० चा पहिला पूर्ण, २०२४ च्या सुमारास त्यापुढचा. पाठवण्याआधी किमान ३० दिवस लोकांसाठी खुला ठेवायचा, सुनावण्या घ्यायच्या, गव्हर्नरला सहीसाठी ३० दिवस द्यायचे. सही झाली नाही तरी पाठवता येतो. कामगार खात्याच्या योजनेबरोबर एकत्र आराखडाही देता येतो. या खात्याचं नाव यापुढे जास्त ऐकाल, कारण २०२५ मध्ये पर्किन्सचं रोजचं प्रशासन केंद्रीय शिक्षण खात्याकडून कामगार खात्याकडे सोपवण्याचा करार झाला.

आणि व्हर्नियर, तुमचा मूळ प्रश्न. २०१८ आधी डिस्ट्रिक्ट अर्ज भरायचं : आम्हाला हे हवं, ते हवं. आता क्रम उलटा केलाय. आधी पाहणी, मग अर्ज, आणि अर्जातली मागणी पाहणीत सापडलेल्या गरजेशी जुळली पाहिजे. पाहणी दर दोन वर्षांनी नव्याने. त्यात कुणाकुणाला विचारायचं याची यादी कायद्यातच आहे : शिक्षक, काउन्सेलर, पालक, विद्यार्थी, स्थानिक उद्योग, अडचणीतल्या मुलांची बाजू मांडणारे. तुम्हाला सहीसाठी बोलावलं असेलही. पण तुम्ही पाहणीत जे लिहायला लावाल त्यावर पुढची दोन वर्षं पैसे खर्च होतील, आणि जे लिहिलं गेलं नाही त्यावर होणार नाहीत. लेथ झिजलाय हे शिक्षकाला माहीत असून उपयोग नाही, पाहणीत असायला हवं.

---

निळी_ओढणी

खतावणींनी पैशाची बाजू सांगितली, मी मोजपट्टीची सांगते. मी हायस्कूलमध्ये हेल्थ सायन्स शिकवते, आधी नर्स होते.

एकाच प्रोग्रॅममधले दोन कोर्स पूर्ण केले की मूल 'कॉन्सन्ट्रेटर' होतं. एकच कोर्स घेतलेलं मूल हिशेबात जवळपास अदृश्य. राज्याचे निर्देशांक या कॉन्सन्ट्रेटरांवर चालतात : वेळेत हायस्कूल पूर्ण करणं, गणित-भाषा-विज्ञानातली पातळी, शाळा सोडल्यावर काय करतात, आणि ज्या व्यवसायात आपल्या लिंगाचे लोक २५ टक्क्यांहून कमी आहेत अशा व्यवसायाच्या प्रोग्रॅममध्ये किती जण आहेत. त्यावर दर्जाचा निदान एक निर्देशांक, तो राज्याने तीनमधून निवडायचा : मान्यताप्राप्त प्रमाणपत्र, कॉलेजचे क्रेडिट (पुढे कॉलेजात धरले जाणारे गुण) किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. लक्ष्य राज्यच ठरवतं, पण लक्ष्याच्या ९० टक्क्यांच्या खाली गेलात की सुधारणेचा आराखडा लिहायला लागतो.

यातलं 'शाळा सोडल्यावर काय करतात' हे प्रकरण म्हणजे फोन. शाळा सोडल्यानंतरच्या दुसऱ्या तिमाहीत मूल कॉलेजात आहे, नोकरीत आहे, सैन्यात आहे की कुठे, हे शोधायचं. आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये हे काम शिक्षकांवरच आहे. डिसेंबरात मी बसते आणि मुलांना फोन लावते. मुलं अनोळखी नंबर उचलत नाहीत. मग आईला. आई म्हणते, "का? काय केलं त्याने?" मी म्हणते, "काही नाही हो, फक्त काम करतोय का विचारायचं होतं." त्यावर एका आईने मला सव्वा तास सांगितलं. मी आकड्याच्या चौकटीत १ लिहिलं.

पण एक गोष्ट खरंच चांगली झाली आहे. 'स्पेशल पॉप्युलेशन्स'मध्ये, म्हणजे खास लक्ष द्यायच्या गटांत, आता फॉस्टर केअरमधली (सरकारी देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी वाढणारी) मुलं, बेघर मुलं आणि पालक सैन्यात कार्यरत असलेली मुलंही येतात. अपंग, गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली, एकल पालक हे आधीचे गट आहेतच. आणि अशा मुलांना प्रोग्रॅमसाठी खिशातून करावा लागणारा खर्च कमी करायला पैसे वापरता येतात. माझ्या वर्गात एक मुलगी क्लिनिकलच्या, म्हणजे रुग्णालयातल्या सरावाच्या, दिवशी सारखी आजारी पडायची. आजारी नव्हती, तिच्याकडे स्क्रब्ज (रुग्णालयातला गणवेश) आणि पांढरे बूट नव्हते. पाहणीत ते एका वाक्यात लिहिलं. पुढच्या वर्षी ती पहिली हजर.

---

आंबेमोहोर

अवांतर आहे, पण विचारतेच. आमचा नववीतला मुलगा वेल्डिंग घ्यायचं म्हणतोय. घरात सुतक पडल्यासारखं झालंय. नवरा म्हणतो, "बावीस वर्षं इथे राबलो ते यासाठी?" मुलगा गणितात चांगला आहे. काय करू?

---

व्हर्नियर

आंबेमोहोर, घेऊ दे. आमच्या शॉपमध्ये चांगल्या वेल्डरला कुणी ओरडून बोलत नाही, इंजिनियरला बोलतात. आणि गणित वाया जात नाही. फिक्स्चर (जॉब धरून ठेवायची चौकट) बसवताना लागतो तितका त्रिकोणमितीचा उपयोग मला कॉलेजात कधी झाला नव्हता.

एक बघा मात्र. त्या कोर्सला कम्युनिटी कॉलेजचे क्रेडिट मिळतात का विचारा. मिळत असतील तर नवऱ्याला क्रेडिटचा आकडा सांगा, वेल्डिंगचा उल्लेख शेवटी करा.

---

निळी_ओढणी

आंबेमोहोर, नवऱ्याचा राग हवेतून आलेला नाही, हेही लक्षात घ्या. इथेही व्यवसाय शिक्षण बरीच वर्षं 'यांना झेपणार नाही' अशा मुलांना ढकलायची जागा होती. कृष्णवर्णीय आणि स्थलांतरितांच्या मुलांना काउन्सेलर सरळ तिकडे वळवायचे. १९७९ मध्ये केंद्राने व्यवसाय शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि राज्यांना त्यानुसार शाळा तपासायला लावल्या. म्हणून काउन्सेलरने सुचवलं की मुलाला स्वतःला हवंय, हा प्रश्न आधी विचारा. तुमच्या बाबतीत मुलानेच मागितलंय, मग घाबरू नका.

---

व्हर्नियर

पहिली बैठक झाली. लेथचा विषय निघण्याआधीच दुसरा फुटला.

डिस्ट्रिक्टमध्ये बालसंगोपनाचा प्रोग्रॅम आहे. शाळेतच छोटी पाळणाघरासारखी खोली आहे, शिक्षकांची आणि गावातली मुलं येतात, हायस्कूलच्या मुली (आणि दोन मुलगे) त्यांना सांभाळायला शिकतात. तो बंद करून त्या जागी ड्रोनचा अभ्यासक्रम आणायचा प्रस्ताव आहे. कारण आराखड्यात म्हटलंय प्रोग्रॅम 'उच्च कौशल्याचा, उच्च वेतनाचा किंवा मागणी असलेल्या' व्यवसायाचा हवा, आणि पाळणाघरातला पगार बघता ते उच्च वेतन नक्कीच नाही. पर्यवेक्षक म्हणाले, राज्याला हे चालणार नाही. खरं आहे का हे?

---

खटपट्या

यात चर्चा कसली? करदात्यांच्या पैशाने मुलींना कमी पगाराच्या नोकरीसाठी तयार करायचं? बंद करा, ड्रोन आणा.

---

निळी_ओढणी

खटपट्या, तुमच्या मुलीला पाळणाघरात कोण सांभाळत होतं? मी रात्रपाळी करायचे तेव्हा माझ्या मुलाला सांभाळणाऱ्या बाईंनी एक दिवस दांडी मारली की एका वॉर्डात एक नर्स कमी. पगार कमी आहे हा त्या कामाचा दोष की आपला?

---

खतावणी

भांडू नका, शब्द वाचा. केंद्राच्या कायद्यात 'किंवा' आहे. तीनपैकी एक असलं तरी पुरतं. पण राज्यांना स्वतःच्या व्याख्या करायची मोकळीक आहे, आणि काही राज्यांनी 'तीनपैकी दोन' किंवा अमुक डॉलरच्या वर पगार अशी रेघ ओढली आहे. त्यामुळे 'राज्याला चालणार नाही' हे पर्यवेक्षकांच्या तोंडून ऐकून घेऊ नका. तुमच्या राज्याच्या आराखड्यात व्याख्यांचा भाग उघडा, शब्द जसाच्या तसा उतरवून आणा. बऱ्याचदा असं निघतं, की राज्याने कुठेच मना केलेलं नसतं आणि डिस्ट्रिक्टला ड्रोन हवा असतो.

दुसरं बघा : 'आकार, व्याप्ती आणि दर्जा'. प्रोग्रॅमला किती मुलं, किती कोर्सांची साखळी, कोणता शिक्षक, याच्या किमान अटी प्रत्येक राज्य घालतं. बालसंगोपन त्यात बसत असेल आणि भागात मागणी असेल, तर बाजू भक्कम. ड्रोनला पुढच्या वर्षी शिकवणारा मिळणार आहे का, हाही प्रश्न विचारा. पाहणीत शिक्षक मिळवणं आणि टिकवणं हा स्वतंत्र मुद्दाच आहे.

---

कणसाचा_राजा

आमचं डिस्ट्रिक्ट इतकं छोटं की नावासारखं : मका आणि आकाश. आम्हाला सूत्राने १५,००० डॉलरसुद्धा भरत नाहीत. तेवढे भरले नाहीत तर स्वतंत्र अनुदान मिळत नाही, शेजारच्या डिस्ट्रिक्टांशी गट करून अर्ज करायचा. आता गंमत : गटाचे पैसे सगळ्यांच्या उपयोगाच्या कामालाच वापरायचे. म्हणजे 'आमचे चार हजार आम्हाला परत द्या, आम्ही आमचं बघतो' हे चालत नाही. पाच डिस्ट्रिक्टच्या बैठकीत एक ट्रॅक्टर सिम्युलेटर घ्यायचं ठरलं आणि ते कुठे ठेवायचं यावर दोन महिने गेले. शेवटी ट्रेलरवर बसवलं. आता ते दर सहा आठवड्यांनी गाव बदलतं, आमच्या पालखीसारखं. मुलं वाट बघतात.

विखुरलेल्या ग्रामीण भागाला यातून सूट मागता येते, पण खरं सांगू, सिम्युलेटर एकट्याला कधीच परवडलं नसतं.

---

शिल्पनिदेशक

नमस्कार. मी महाराष्ट्रातल्या एका शासकीय आयटीआयमधून शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झालो, ट्रेड मशिनिस्ट. दोन दिवस हा धागा वाचतोय. तुमच्याकडची भांडणं ऐकून बरं वाटलं, भांडणं फक्त आपल्याकडेच नव्हती.

आमच्याकडे २००७-०८ पासून केंद्राच्या योजनेत देशातल्या १,३९६ शासकीय आयटीआयना खासगी भागीदारीतून सुधारायचं ठरलं. प्रत्येक संस्थेत व्यवस्थापन समिती, अध्यक्ष उद्योगातला, आणि समितीला अडीच कोटींपर्यंत बिनव्याजी कर्ज. कर्ज, अनुदान नव्हे, हे लक्षात घ्या. व्हर्नियरताई ज्या खुर्चीत बसल्या आहेत तीच ही खुर्ची. चांगला अध्यक्ष मिळाला तिथे संस्थेचं सोनं झालं. नाही मिळाला तिथे रक्कम बँकेत मुदत ठेवीत पडून राहिली. आमच्या समितीत एकदा यंत्र आलं, खोकं उघडलं, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की त्या शेडला पुरेसा वीजभारच मंजूर नाही. वीज मिळेपर्यंत यंत्राला ताडपत्री. मुलं ताडपत्रीवर बसून डबा खायची.

शाळांमध्ये समग्र शिक्षा अभियानातून नववीपासून व्यवसाय विषय आहेत. केंद्र-राज्य वाटा ६०-४०. राज्याने दरवर्षी वार्षिक कार्ययोजना व अंदाजपत्रक करायचं आणि दिल्लीत प्रकल्प मान्यता मंडळापुढे ठेवायचं. तुमच्याकडे चार वर्षांचा आराखडा आणि खालून पाहणी, आमच्याकडे दरवर्षीचं अंदाजपत्रक आणि वरून मंजुरी. शिकवणारे बहुतेक कंत्राटी. मंजुरी लांबली की त्यांचा पगार लांबतो, आणि चांगला माणूस कारखान्यात जातो. त्याआधीच्या किमान कौशल्य अभ्यासक्रमाचीही तीच गत मी जवळून पाहिली. विषय चांगले होते, साहित्य जुनं होत गेलं आणि कुणाला विचारायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

मे २०२५ मध्ये केंद्राने १,००० आयटीआय सुधारायची ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. ३०,००० कोटी केंद्राचे, २०,००० राज्यांचे, १०,००० उद्योगांचे. तुमच्या त्या दोरीची आठवण झाली. इथे दोरी उद्योगाच्या हातात द्यायचा विचार आहे. बघू.

पण पैशाबिशाच्या आधीचं एक उदाहरण मी विद्यार्थ्यांना सांगायचो. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेतली मुलं गावातली खरी कामं करत शिकली : वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीज. गावाला काय हवं ते आधी, विषय त्यातून. ताई, तुमची ती पाहणी म्हणजे ह्याचाच सरकारी नमुना दिसतोय मला.

---

खटपट्या

काका, ताडपत्री वाचून हसलो आणि मग गप्प बसलो. व्हर्नियर, दुसरी बैठक कधी?

---

व्हर्नियर

झाली. उशीर झाला लिहायला, शॉपमध्ये ऑडिट होतं.

खतावणी, तुमचं ऐकलं. आराखड्यातली व्याख्या छापून नेली. आमच्या राज्यात 'किंवा'च आहे, पगाराची रेघ कुठेही नाही. पर्यवेक्षकांनी कागद हातात घेऊन दोनदा वाचला आणि म्हणाले, मागच्या आराखड्यात वेगळं होतं. नव्हतं, मी तोही काढून ठेवला होता, पण म्हटलं जाऊ दे.

मग आकडे. त्यांच्याकडे श्रमबाजाराचा राज्याचा तक्ता होता. मी म्हटलं, आपल्या काउंटीचं (इथला जिल्हा) काय? प्रत्येकाने आपल्या माहितीतल्या तीन ठिकाणी फोन लावायचा असं ठरलं. मी सात लावले. पाच पाळणाघरांत प्रतीक्षायादी आहे आणि त्यातल्या तिघांनी कारण दिलं, खोल्या आहेत, माणसं नाहीत. आमच्या एचआरची बाई म्हणाली, दुसऱ्या पाळीला बायका मिळत नाहीत कारण मुलं ठेवायला जागा नाही. ते वाक्य मी पाहणीत जसंच्या तसं घालायला लावलं. मशिन शॉपच्या बाजूने आलेली बाई बालसंगोपनासाठी भांडते, यावर दोघातिघांना हसू आलं. प्रोग्रॅम राहिला. फक्त राहिला नाही, कम्युनिटी कॉलेजचा सुरुवातीचा कोर्स जोडायचा आणि पहिलं प्रमाणपत्र शाळेतच द्यायचं असं लिहिलंय, म्हणजे मुलगी तळाच्या पगारावर अडकणार नाही. निळी_ओढणी, स्क्रब्जचं वाक्य चोरलं तुमचं. इथे ते बस पासचं झालं.

ड्रोनही येतोय, पण एक युनिट म्हणून, विज्ञानाच्या तासाला, डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या पैशाने.

लेथचं सोपं असेल वाटलं होतं, तिथे अडलं. त्यांना सीएनसी ट्रेनर (संगणकावर चालणारं शिकवायचं यंत्र) हवा होता, चकचकीत, काचेच्या पेटीत. मी म्हटलं, आम्हाला बटण दाबणारा आठवड्यात तयार करता येतो. टूलचा आवाज बदलला की हात थांबवणारा तयार करायला वर्ष लागतं, आणि ते वर्ष शाळेत गेलं तर आमचं वाचतं. मशिनिंगचे शिक्षक आधी काहीच बोलत नव्हते. मग म्हणाले, गेली चार वर्षं मी मुलांना झिजलेल्या टोकापासून लांब काम करा म्हणून सांगतोय. ते कुठेही लिहिलेलं नव्हतं. आता लिहिलंय. हाताने चालवायचे दोन लेथ सूत्राच्या पैशातून, आणि सीएनसीसाठी राखीव पैशाचा वेगळा अर्ज, कॉलेजबरोबर मिळून. मिळेल न मिळेल. वीजभार मंजूर आहे का, हे काका, मी सगळ्यांत आधी विचारलं. नव्हता. इलेक्ट्रिशियनचं काम आता डिस्ट्रिक्टच्या यादीत पहिलं आहे.

---

मोरावळा

आणि डोनट?

---

व्हर्नियर

मीच नेले. पदरमोड.

---

आंबेमोहोर

मुलाचं नाव घातलं वेल्डिंगला. नवऱ्याला क्रेडिटचा आकडा सांगितला. तो म्हणाला, "हं." आमच्या घरात 'हं' म्हणजे परवानगी.

---

शिल्पनिदेशक

ताई, अभिनंदन. लेथ कोणता घेताय? सेंटरची उंची किती, बेड कडक केलेला आहे का, आणि चक, म्हणजे जॉब पकडणारा भाग, तीन जबड्यांचाच देतायत की चार जबड्यांचाही? चार जबड्यांचा मागून घ्या. मुलांना जॉब सेंटर करायला त्यावरच शिकवतात. अर्ज जाण्याआधी विक्रेत्याचं पत्रक इथे टाका, मी बघतो.